आटपाट नगर आपल्याच शिवारात : परीकथेच्या स्पर्धेसाठी फोटो आणि डिजिटल चित्र कसं तयार करायचं

परीकथा हा विषय दिला की स्पर्धेला कोणती चित्रं येतात ते पाहा. लाल टोपडं घातलेली मुलगी आणि लांडगा, धुक्यातलं पाइनचं जंगल, टोकदार बुरुजांचा पांढरा राजवाडा, घेरदार झग्यातली राजकन्या. या विषयांत वाईट काहीच नाही. पण जंगल नेटवरून घेतलेलं, राजवाडा आणखी कुठून तरी, आणि मुलगी मात्र परभणीच्या अकराच्या उन्हात उभी केलेली. उजेड एकीकडून, सावली भलतीकडं. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटं आहे हे पहिल्या नजरेत कळतं. परीकथेच्या चित्रात अशक्य गोष्ट डोळ्यांना खरी वाटली पाहिजे, नाहीतर जादू पटतच नाही. आणि खरं वाटायला लावता येतं तेच, जे आपण स्वतः पाहिलंय, हाताळलंय, ज्याचा सकाळ-संध्याकाळचा उजेड आपल्याला पाठ आहे.

म्हणून मराठवाड्यात बसून हे काम करायचं तर गोष्ट इथली घ्या, किंवा बाहेरची गोष्ट इथल्या शिवारात आणा. कॅमेरा महागडा नसला तरी चालतं. खाली सांगितलेलं बहुतेक सगळं बऱ्या मोबाइलवर आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर होतं.

आधी नियम

स्पर्धेचं माहितीपत्रक पेन हातात घेऊन वाचा. फोटो आणि डिजिटल चित्र असे दोन वेगळे विभाग आहेत का? फोटो विभागात दोन-तीन फोटो जोडून केलेलं चित्र चालतं का, की फक्त रंग-उजेडाची दुरुस्ती चालते? एआयनं तयार केलेला भाग चालतो का? मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली, काहीही प्रक्रिया न केलेली) किंवा लेयरची फाइल (जिच्यात चित्राचे एकावर एक ठेवलेले थर वेगवेगळे राहतात) मागणार आहेत का? या उत्तरांवर पुढची सगळी आखणी ठरते, म्हणून ती शेवटी नव्हे, सुरुवातीलाच शोधायची. हक्कांचं कलमही पाहा. स्पर्धेच्या प्रचारापुरतं चित्र वापरू देणं वेगळं आणि सगळे हक्क कायमचे लिहून देणं वेगळं. दुसरा प्रकार दिसला तर मी त्या स्पर्धेत चांगलं काम पाठवू नका असंच सांगेन.

गोष्ट शोधणं

इथं घाई करू नका. गोष्टींच्या बाबतीत मराठवाडा श्रीमंत आहे, आणि ते आपल्यालाच कमी ठाऊक असतं.

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेणीत सिंहलाची कथा रंगवलेली आहे. जहाज फुटून बेटाला लागलेले व्यापारी, त्यांना भुलवणाऱ्या देखण्या बायका, त्या खरं तर राक्षसिणी, आणि सुटकेला आलेला उडणारा पांढरा घोडा. पाचव्या शतकातलं हे काम. सहा सुळ्यांच्या हत्तीची कथाही तिथल्या भिंतींवर आहे. उडता घोडा रंगवायला परदेशी चित्रं चाळायची गरज कुठं आहे?

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान. सातवाहनाच्या दरबारातल्या गुणाढ्याची दंतकथा तिथली. त्यानं बृहत्कथेचे सात लाख श्लोक शाई नसल्यानं स्वतःच्या रक्तानं लिहिले, राजानं ते नाकारले, तेव्हा तो रानात अग्नी पेटवून बसला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळत गेला. हरणं, डुकरं, पाखरं चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसली. राजा धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले. आगीच्या भोवती बसलेली जनावरं आणि हवेत उडणारी जळकी पानं: यापेक्षा बळकट चित्र मला तरी कुठल्या परदेशी परीकथेत दिसत नाही.

अंबाजोगाईला हत्तीखाना नावाच्या लेण्यातले दगडी हत्ती पाहिले असतील. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि वरातीचे दगड झाले, अशी कथा तिकडं सांगतात. इथं एक गोष्ट मनापासून सांगतो. देवीला मॉडेल करून वेषभूषेचा फोटो काढू नका. लोकांची श्रद्धा आहे, ती जपायची. आपल्याला हवी ती कल्पना आहे: चालता चालता दगड होत जाणारी वरात. त्यात नवरी कुणीही असू शकते.

मग घरातल्या गोष्टी. भोपळ्यात बसून गडगडत जाणारी म्हातारी, नावडती राणी, सात समुद्रांपलीकडच्या पोपटात जीव ठेवणारा राक्षस, मेणाच्या घरातली चिमणी. आणि गावोगावी सांगितली जाणारी बारवेची गोष्ट: लग्नाच्या आदल्या दिवशी हळदकुंकू वाहून बारवेकडं भांडी मागायची, सकाळी पायरीवर भांडी हजर. कार्य झालं की परत करायची. एकदा कुणीतरी एक वाटी लबाडीनं ठेवून घेतली आणि बारव कायमची मुकी झाली. तुमच्या गावात ही गोष्ट थोडी वेगळी असेल. आजीला, शेजारच्या म्हातारबाबांना विचारा आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. लहान तपशील त्यातच मिळतात: वाटी पितळेची होती की चांदीची, ती कुणी ठेवून घेतली, कुठं लपवली.

बाहेरची गोष्ट घ्यायची असली तर ग्रिम बंधूंचा संग्रह १८१२चा आहे, त्या गोष्टींवर आज कुणाची मालकी नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतात. पण त्याच गोष्टींवर निघालेल्या कार्टून सिनेमांतले पोशाख, चेहरे, राजवाडे यांचे हक्क त्या त्या कंपनीचे असतात. सिंड्रेलाचा निळा झगा आणि काचेचा जोडा सिनेमासारखाच दाखवला की अडचण होऊ शकते. पैठणी नेसलेली आणि एक जोडवं हरवलेली मुलगी दाखवली तर कुणाची हरकत नाही, आणि चित्रही तुमचं होतं.

एक क्षण निवडा

पूर्ण गोष्ट एका चौकटीत मावत नाही. काहीतरी होण्याच्या अगदी आधीचा किंवा लगेच नंतरचा क्षण घ्या. बारवेच्या गोष्टीत पायरीवर भांड्यांचा ढीग दाखवला तर ते भांड्यांच्या दुकानासारखं दिसेल. त्याऐवजी भांडी परत ठेवणारी आई पाठमोरी, आणि मागं उभ्या पोरीनं हात पाठीमागं नेऊन वाटी लपवलेली. काय होणार ते पाहणारा स्वतः ओळखतो. चित्रात त्याला असं काम दिलं की तो थांबतो.

आता तो क्षण एका वाक्यात लिहा. वाक्यात दोनदा ‘आणि मग’ आलं तर अजून क्षण सापडलेला नाही. वाक्य जमलं की वहीत काड्यापेटीएवढ्या चौकटी आखून सहा-सात रेखाटनं करा. चेहरे, दागिने काही नको. काळा, करडा, पांढरा एवढे तीनच ठसे. सगळ्यात उजळ जागा सगळ्यात काळ्या जागेला कुठं भिडते तिथं डोळा जातो, म्हणून तिथं वाटी आली पाहिजे. डोळे बारीक करून लांबून पाहा. जी चौकट तेव्हाही वाचता येते ती ठेवा, बाकीच्या सोडा.

जागा, हंगाम, उजेड

देवगिरीची अंधारी, नळदुर्गचा बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल, वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव, चारठाण्याची जुनी देवळं, सौताड्याचा धबधबा. नावं घेतली की चित्रं डोळ्यांपुढं येतात. पण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायला आणि ठरवून वेषभूषेचं चित्रण करायला आधी परवानगी काढावी लागते. ड्रोन परवानगीशिवाय न्यायचाच नाही. अजिंठ्याच्या चित्रांपुढं फ्लॅश मारायचा नाही. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे लांबून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा. माझा सल्ला असा, की अशा ठिकाणी हातात कॅमेरा धरून फक्त पार्श्वभूमी आणि दगडाचा पोत टिपा, आणि माणसं आपल्या गावात, आपल्या वेळेनं टिपा. बारवेत उतरताना शेवाळ आणि साप दोन्ही बघा. लहान मुलांना पाण्याच्या कडेच्या पायरीवर उभं करू नका, फोटो कितीही चांगला येणार असला तरी.

जंगल नाही म्हणून अडून बसणाऱ्यांसाठी शाळूचं रान आहे. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी पुरुषभर वाढलेली असते. पिकाच्या दोन ओळींच्या मधे कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरा. धाटं खांबांसारखी उभी राहतात, पानं वर कमान करतात आणि मागून सूर्य आला की सगळी कमान हिरवट सोनेरी पेटते. त्यात बुजगावणं आहे, राखणीचा माळा आहे, गोफण आहे. रात्री जिवंत होणारं बुजगावणं ही एक संपूर्ण परीकथाच झाली. शेतमालकाला विचारून जा आणि धाटं मोडू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, पानं गळालेली आणि झाड नुसतं केशरी. ऑक्टोबरपासून कापूस फुटतो. पावसाळ्यात पाझर तलावांच्या कडेला आकाश पाण्यात उतरतं. थंडीत कालव्यावर, नदीवर सूर्य उगवण्याआधी धुक्याचा पातळ थर असतो, तो उन्हं तापली की जातो. त्यामुळं मॉडेल तयार होऊन जागेवर उभं असायला हवं, जागेवर जाऊन तयार होणं जमत नाही.

आपलं दुपारचं ऊन परीकथेला मारक आहे. डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं, रंग विटतात. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तास धरा. दुपारीच काम करावं लागलं तर वाड्याच्या ओसरीत किंवा गोठ्याच्या दारात, सावलीच्या कडेला मॉडेल उभं करा आणि समोर थर्माकोलची पाटी धरा. दारातून येणारा मऊ उजेड चेहऱ्याला फार शोभतो.

कपडे आणि वस्तू

भाड्याचा चमकी झगा आणू नका. पेटीतली जुनी पैठणी काढा. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असलेलं धूपछाव कापड खिडकीशी धरून हळू फिरवलं की जांभळं असलेलं एकदम मोरपिशी होतं, घडीच्या टोकाला पुन्हा जांभळं. मॉडेल स्थिर ठेवून पदर थोडा थोडा फिरवत फोटो घ्या. एकाच फोटोत दोन्ही रंग सापडतात आणि संगणकावर रंगवून ते तसं येत नाही. पदरावरचे मोर, पोपट, वेल हेही कथेचेच प्राणी आहेत. जरीला समोरून फ्लॅश मारला तर ती पांढरी फक पडते, बाजूनं उजेड द्या.

बंजारा ओढणीच्या आरशांना कलत्या उन्हात वेगवेगळ्या दिशांनी उजेड लागतो आणि भिंतीवर कवडसे पडतात. तांड्यावरच्या बाईंचा पोशाख वापरायचा तर त्यांच्याशी बोलून, मोबदला ठरवून, नाव द्यायचं की नाही ते विचारून. बाकी घरात शोधा: पितळी समई, तांब्याचा हंडा, कंदील, जातं, सूप, भोपळा. वस्तू एक किंवा दोनच. जास्त झाल्या की प्रदर्शन मांडल्यासारखं दिसतं.

कॅमेऱ्यातच जमणारी जादू

जे कॅमेऱ्यात होतं ते संगणकावर ढकलू नका. कॅमेऱ्यातला उजेड आपोआप जुळलेला असतो.

कंदिलाची रात्र रात्री काढायची नसते. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आभाळाचा उजेड आणि दिव्याचा उजेड जवळजवळ सारखे होतात, तो काळ पकडा. डिसेंबरात आपल्याकडं सूर्य सहाच्या आतच मावळतो, त्यामुळं तयारी पाचलाच पूर्ण हवी. कंदिलात पिवळा छोटा एलईडी बसवा. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांची ऊब किंवा थंडपणा ठरवणारी सोय) ३२०० केल्व्हिनच्या आसपास ठेवा: भोवताल गर्द निळा होतो आणि दिवा, चेहरा, हात उबदार राहतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, दिव्याजवळच्या गालावर बसवा, बाकी अंधारात गेलं तर जाऊ द्या. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर हे सगळं हातानं लावता येतं.

पाण्यात उलटं दिसणारं जग हवं असेल तर तळं शोधायची गरज नाही. मोठ्या परातीत पाणी भरा, ती कट्ट्यावर ठेवा आणि मोबाइल उलटा करून लेन्स पाण्याच्या अगदी लगत आणा. परातीची कड चौकटीबाहेर गेली की मागं उभी असलेली मुलगी सरोवराकाठी उभी दिसते. पाणी स्थिर होईपर्यंत थांबा, आणि नंतर एका बोटानं एकच तरंग उठवून आणखी एक फोटो घ्या.

हवेत तरंगणारं माणूस दोन फोटोंत होतं. ट्रायपॉड पक्का, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हातानं लावून कुलूपबंद. पहिला फोटो रिकाम्या जागेचा. दुसरा स्टुलावर पोट टेकून आडव्या झालेल्या मॉडेलचा, पदर आणि केस कुणीतरी पुठ्ठ्यानं वारा घालून उडवायचे. संगणकावर दुसरा फोटो पहिल्यावर ठेवून मास्कनं, म्हणजे वरच्या फोटोचा तेवढा भाग न खोडता लपवून, स्टूल झाकायचं. बहुतेकांचं इथं एकच राहून जातं: स्टुलाची सावली काढली पाहिजे, पण माणसाची सावली जमिनीवर ठेवली पाहिजे. तिच्यामुळंच माणूस वर आहे हे कळतं.

धुरासाठी निखाऱ्यावर ऊद घाला, मागून उजेड द्या, पाठीमागं काळं कापड. हे फोटो साठवून ठेवा. असा फोटो चित्रावर लेयर म्हणून ठेवून स्क्रीन मोडवर (थर एकमेकांत मिसळण्याची एक पद्धत) टाकला की काळं नाहीसं होतं आणि धूर उरतो. जळक्या पानांच्या ठिणग्या, भुतं, वर जाणारा प्राण, सगळ्याला तो उपयोगी पडतो.

बोंडातली पोर : एक चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत

फुटलेल्या कापसाच्या बोंडात अंग मुडपून झोपलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी मुलगी. हे एक चित्र नीट जमलं की जोडकामाचं सगळं तंत्र हाताला बसतं, म्हणून ते सविस्तर सांगतो.

आधी बोंड. सकाळचं कलतं ऊन डावीकडून घ्या आणि बोंडापासून साधारण २० सेंटिमीटरवरून, किंचित वरून टिपा. फोकस पुढच्या पाकळीवर, मधल्या खळग्यात आणि मागच्या कडेवर असे तीन वेगवेगळे फोटो घ्या, म्हणजे पुढं जो भाग स्पष्ट हवा तो त्यातून घेता येतो. मग त्याच ठिकाणी एक काडी उभी धरून तिच्या सावलीचा फोटो घ्या. सावली कुठं पडते आणि काडीच्या किती पट लांब आहे, हे त्यातून कळतं. फवारणी झालेल्या रानात मुलांना नेऊ नका. बोंड तिथं टिपायचं आणि मुलगी घरी.

आता मुलगी. दुसऱ्या दिवशी, आभाळ तसंच स्वच्छ असताना, त्याच वेळी अंगणात. पांढऱ्या चादरीवर निजवा, कारण खऱ्या बोंडात खालून पांढरा उजेड गालावर उसळला असता, तो इथं चादर देते. शेजारी काठी उभी करा आणि तिची सावली काडीच्या फोटोशी जुळेपर्यंत मुलीची दिशा आणि कॅमेरा फिरवा. अंतराचा हिशेब मात्र करावाच लागतो. बोंडातली मुलगी ३ सेंटिमीटर धरली आणि बोंड २० सेंटिमीटरवरून टिपलं, तर अंतर तिच्या लांबीच्या जवळजवळ सातपट झालं. खरी मुलगी अंग मुडपून ९० सेंटिमीटर भरत असेल तर कॅमेरा साधारण ६ मीटरवर हवा, आणि बोंडाच्या वेळी जेवढा वरून बघत होता तेवढाच वरून. ६ मीटरवर तेवढा कोन राखायचा तर गच्ची किंवा शिडी लागते. हे अंतर चुकलं तर उजेड जुळूनही मुलगी चिकटवलेली दिसते.

संगणकावर क्रिटा, गिंप किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी, काहीही चालेल, तिन्ही फुकट वापरता येतात. बोंड खाली, मुलगी वर. खोडून टाकू नका, मास्क लावा. कपड्याची कड घट्ट, केसांची कड मऊ ब्रशनं. आता बोंडाच्या पुढच्या पाकळीची प्रत काढून मुलीच्या वर ठेवा, म्हणजे तिचा पाय आणि कोपर कापसात बुडतील. बारीक ब्रशनं कापसाचे चार-पाच तंतू तिच्या हातावरून, केसांवरून ओढा. या तंतूंनी जेवढं काम होतं तेवढं कुठल्याही फिल्टरनं होत नाही.

सावली नव्या लेयरवर, मल्टिप्लाय मोडमध्ये (यानं खालचं चित्र गडद होतं). काळा रंग घेऊ नका, बोंडाच्याच खोल भागातला करडा-तपकिरी रंग उचला. जिथं अंग कापसाला टेकतं तिथं अरुंद आणि गडद, बाहेर जाताना रुंद आणि फिकी. मग चेहऱ्याचं ऊन आणि बोंडाचं ऊन शेजारी शेजारी ठेवून बघा. एक जास्त पिवळं असेल तर मुलीचा लेयर बदला, बोंडाचा नाही. मुलीचा मागच्या बाजूला गेलेला भाग थोडा धूसर करा, कारण इतक्या जवळून टिपलेल्या चित्रात मागचं धूसरच असतं. बोंडाच्या कडेला एक दवाचा थेंब आणि एक मुंगी ठेवा, म्हणजे मुलगी केवढी आहे ते न सांगता कळतं. शेवटी सगळ्यांवर एकच हलका रंगछटेचा लेयर आणि एकच हलका ग्रेन (बारीक दाणेदारपणा), मग दोन्ही फोटो एकाच कॅमेऱ्यातून आल्यासारखे बसतात. चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं करून पाहा आणि एकदा रंग काढून कृष्णधवल पाहा. जोडलेलं असेल तर तेव्हा दिसतं.

फक्त डिजिटल चित्र करायचं असेल तर

दगडाची वरात घेऊ. लांब कॅनव्हास, किमान ४००० पिक्सेल रुंद. आधी फक्त करड्या रंगात काम करा. डावीकडं माणसं जिवंत, उजवीकडं हळूहळू दगड: वाजंत्री, घोडा, हत्ती, करवल्या. मधे नवरी, जिचा एक पाय अजून उचललेला आहे. हे रूपांतर पोतात आहे, त्यामुळं डावीकडं कापडाच्या मऊ चुण्या आणि उजवीकडं त्याच चुण्या छिन्नीनं काढल्यासारख्या ताठ. हत्तीखान्यात स्वतः काढलेले दगडाचे फोटो समोर ठेवा: कुठं झिजलंय, कुठं शेवाळ धरलंय, सोंडेच्या कडेला चीर कशी गेलीय. फोटो थेट चिकटवण्यापेक्षा पाहून रंगवलेलं जास्त एकजीव दिसतं.

रंगांसाठी अजिंठ्याची पेटी उसनी घ्या: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि मोजका निळा. तो निळा राजावर्त दगडाचा, लांबून आणलेला, म्हणून जपून वापरलेला. तुम्हीही तो एकाच ठिकाणी ठेवा, नवरीच्या बांगडीत किंवा उगवतीच्या आभाळात. करड्या चित्रावर रंगाचा वेगळा लेयर घालून सुरुवात करा, नंतर वरून अपारदर्शक रंगांनी कडा आणि चेहरे घडवा. लांबच्या गोष्टी फिक्या आणि कमी तपशिलाच्या ठेवा. सूर्य कुठं आहे ते एका लेयरवर बाण काढून लिहून ठेवा आणि काम संपेपर्यंत तो बाण पुसू नका. चेहऱ्यांसाठी घरच्यांना दिव्याशेजारी बसवून संदर्भाचे फोटो काढा. आपल्या माणसांची नाकं, कपाळं, मिशा चित्रात आल्या की वरात अंबाजोगाईची होते.

एआयबद्दल

नियमांत मनाई असेल तर फोटोतला तुकडा एआयनं भरून घेणंही त्यातच येतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. परवानगी असेल तरी कुठं वापरलं ते अर्जात लिहा. माझं मत विचाराल तर रेखाटनाच्या टप्प्यावरही ते लांब ठेवा. त्या यंत्राला परीकथा म्हटलं की तोच पाइनचा रानपट्टा सुचतो, आणि एकदा तो डोळ्यांत बसला की शाळूचं रान दिसेनासं होतं.

पाठवण्याआधी

चित्र दोन दिवस बंद ठेवा, मग ताज्या नजरेनं पाहा. संगणकावर, स्वस्त मोबाइलवर आणि उजेड कमी केलेल्या पडद्यावर, तिन्हीकडं. अंधारी चित्रं मोबाइलवर काळी ठिक्कर पडतात, तसं असेल तर सावल्या थोड्या उचला. कलर प्रोफाइल (फाइलमधली रंगांची मोजपट्टी) एसआरजीबी, म्हणजे पडद्यांवर सर्रास चालणारी. नियमात सांगितलेली लांबी आणि फाइलचा आकार तंतोतंत. छापील प्रत मागितली असेल तर ए-४ साठी ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. एक प्रत आधी गावच्या स्टुडिओतून काढून पाहा, कागदावर निळा रंग बदलतो.

चित्रात सही, वॉटरमार्क, चौकट नको, बहुतेक ठिकाणी त्यावरून प्रवेशिका बाद होते. शीर्षकात सगळं सांगून टाकू नका. बारवेच्या चित्राला ‘चोरलेली वाटी’ म्हणण्यापेक्षा ‘एक भांडं कमी’ बरं. सोबतच्या चार ओळींत गोष्ट कुठल्या गावात, कुणाकडून ऐकली आणि चित्रात काय खरं टिपलंय, काय जोडलंय ते सरळ लिहा. मॉडेलचं संमतीपत्र सहीनिशी घ्या. मूल असेल तर आई-वडिलांचं, आणि चित्र कुठं लागणार हे त्यांना आधी सांगून. ज्यांनी गोष्ट सांगितली त्यांचं नाव द्यायचं तर त्यांनाही विचारा.

मूळ रॉ फाइल, लेयरची फाइल, रेखाटनं आणि काडीच्या सावलीचा तो फोटो एका फोल्डरमध्ये, पेनड्राइव्हवर दुसऱ्या प्रतीसह ठेवा. निवड झालेल्या चित्रांच्या मूळ फाइल आयोजक अनेकदा मागतात, आणि मुदत एक-दोन दिवसांचीच असते.